ताई, माझ्या ओव्या कुठं गेल्या?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि आपण

ताई, मी निवृत्त ग्रामसेवक. २००३ ते २०११ या काळात आईच्या आणि गल्लीतल्या बायांच्या तोंडच्या जात्यावरच्या सहाशेवर ओव्या टाइप करून ठेवल्या. परवा मुलाच्या नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आई आता नाही. ओव्या गेल्या का? — एक वाचक, गंगाखेड

काका, ओव्या गेलेल्या नाहीत. पण ती फाइल उघडून दुरुस्त करत बसू नका आणि चुकूनही सेव्ह करू नका. आधी तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.

झालंय काय, ते सांगते. त्या काळी आपल्याकडं जे मराठी टाइप व्हायचं, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असायचे आणि फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी आपल्या अक्षरांची चित्रं दाखवायचा. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून खालचं उघडं पडलं. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची एकच ठरलेली यादी. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क चा २३२५, ल चा २३५४ आणि त्याला लागूनच ळ चा २३५५. तो क्रमांक मुंबईत, मस्कतमध्ये आणि तुमच्या नातवाच्या फोनमध्ये एकच. ळ ला जगाच्या यादीत पक्की जागा आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता काम. फाइलमधला मजकूर निवडा. वर फॉन्टच्या चौकटीत जुन्या फॉन्टचं नाव दिसेल, ते लिहून घ्या. तो फॉन्ट कुणा जुन्या डीटीपीवाल्याकडं हमखास सापडतो. तो बसवला की ओव्या पुन्हा दिसतील. त्याच दिवशी सगळ्या कागदावर छापून घ्या. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालणार नाही.

त्यानंतर मात्र बसून एकेक ओवी वाचावी लागेल. टाइपरायटरच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. कन्व्हर्टर हे उलटसुलट करताना चुकतो. सगळ्यात जास्त मार बसतो तो ‘ऱ्य’ला. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वाऱ्या’चं ‘वार्या’. जात्यावरच्या ओवीत वारा, सोयरा, शेजारी नेहमीचे, म्हणजे ‘वाऱ्यानं’, ‘सोयऱ्याला’, ‘शेजाऱ्याचं’ असं जागोजाग येणार. तुम्ही त्या कानांनी ऐकल्यात. हे वाचन तुम्हीच करा, कुणाला पैसे देऊन करून घेऊ नका. जनाबाईंच्या गावचं हे धन आहे. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव लिहायला विसरू नका.

आमच्या शाळेत सहा संगणक आहेत. विंडोज १० चे अपडेट बंद झाले, विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. भंगारात काढावे का? — एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

मुळीच नाही, सर. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, त्यानं यंत्र मेलं नाही. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवा. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, ते सुरू केलं. आज ते फुकट मिळतं आणि मराठीतही चालतं. सोबत पत्रं, तक्ते करायला लिबरऑफिस घ्या. पोरांना एक संगणक उघडून रॅम काढू-बसवू द्या, ती विसरायची नाहीत.

मी लातूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात, एआय आलं, आता प्रोग्रॅमिंग शिकून उपयोग नाही. वडील एक एकर विकून पुण्यातला महागडा क्लास लावतो म्हणतात. काय करू? — एक विद्यार्थी, निलंगा

एकर विकू देऊ नकोस. हे आधी.

नवशिक्यांना मिळणारं सोपं काम यंत्र घेऊ लागलंय, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण यंत्र कामाचा कुठला भाग नेतं आणि कुठला मागं ठेवतं, हे मी घरात पाहिलंय. औशात माझ्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, बारा मशीन, पहाटे सहाची बॅच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढं कित्येक महिने त्या मशीनवर फक्त अर्ज आणि याद्या निघत होत्या. मी चौदा वर्षांची, कार्बन लावून द्यायचे. समोर बसलेला माणूस रडत असायचा आणि वडील त्याला हळू विचारायचे, घर कुणाच्या नावावर होतं, वारस कोण. मग अर्जात पहिलं काय, दुसरं काय, ते ठरवायचे. पुढं संगणक आला, बारा मशीन किलोच्या भावानं गेल्या. वडिलांचं ते विचारणं मात्र गेलं नाही. आज माझं दुकान त्याच्यावरच चालतं.

गेल्या वर्षी एका शेतकऱ्याच्या मुलाला परदेशी शिक्षणाच्या कर्जासाठी सात-बाऱ्याचं इंग्रजी हवं होतं. त्यानं ते एआयकडून करून आणलं. भाषा सफाईदार. पण ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, तिथं पोटाचा आजार असं भाषांतर झालं होतं. मी ते पकडलं, कारण मला सात-बारा वाचता येतो.

म्हणून तू प्रोग्रॅमिंग शिकच, आणि एआय हाताशी घेऊनच शीक. पण सोबत एक धंदा आतून शीक. लातूरची तूर-सोयाबीनची बाजारपेठ तुझ्या दारात आहे. महिनाभर एखाद्या अडत दुकानात बस. शेतकऱ्याला मिळणारी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, वाच. हमाली, तोलाई कशी कापतात, उचल कशी वळती होते, ते बघ. मग पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असा छोटा प्रोग्रॅम लिही, की पट्टी शेतकऱ्याला मराठीत, ठसठशीत अक्षरात मिळेल आणि प्रत्येक कपात वेगळी दिसेल. पायथन फुकट आहे. मुलाखतीला हे घेऊन जा. पुण्याला जायचंच असेल तर नोकरी मिळाल्यावर जा.

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दोघांचेही अंगठे मशीनवर उमटत नाहीत. रेशनला तीनदा परत पाठवलं. — एक मुलगी, धारूर तालुका

बाळा, यात तुझ्या आई-वडिलांची काही चूक नाही. कोयता धरून आणि उसाच्या पाचटानं बोटांवरच्या रेषा झिजतात. रेषा झिजल्या की मशीनला जुन्या नोंदीशी मेळ लागत नाही. जो सगळ्यात जास्त राबतो त्यालाच जे मशीन ओळखत नाही, ते नीट बनवलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काय करायचं ते बघ. अंगठाच लागतो असं नाही, आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. हात धुऊन, पुसून बाकीची बोटंही एकेक लावून बघा. तरी जमलं नाही तर आधार केंद्रात दोघांच्या बोटांची आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करून घ्या आणि मोबाइल नंबर जोडा. बुबुळ, चेहरा आणि ओटीपी यांनीही आधारची ओळख पटवता येते. तुमच्या दुकानातल्या मशीनवर यातलं काय चालतं, ते दुकानदाराला विचार.

तरीही धान्य नाकारलं तर कारण लेखी माग. तो कागद घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. तिथं ऐकलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं अर्ज कर, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ती सोय आहे. अर्ज लिहिता आला नाही तर औशाला ये, मी लिहून देते, पैसे लागणार नाहीत.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आत उरकून घे. टोळी कर्नाटकात गेली तरी याच कार्डावर तिथं धान्य मिळतं, पण तिथंही मशीन बोटच मागणार.