वाचकांचे प्रश्न : साबुदाणा दिसला, पण खिचडी होईल का?

प्रश्न : आमच्या उपनगरातलं मोठं सुपरमार्केट बंद झालं. भारतीय दुकान तासाभराच्या अंतरावर आहे. जवळ आहेत ती एक मोठं चिनी-कोरियन दुकान आणि एक मेक्सिकन. महिन्याचं सामान तिथून भरता येईल का? पहिल्याच फेरीत आणलेला साबुदाणा भिजत घातला आणि त्याचा लगदा झाला. (एक वाचक, ओहायो)

उत्तर : बरंचसं भरता येईल, आणि भाजी तर पूर्वीपेक्षा चांगली मिळेल. साबुदाण्यात चूक तुमची नाही. आपल्याकडे ओल्या स्टार्चचे दाणे पाडून ते तापल्या पत्र्यावर भाजतात आणि मग वाळवतात. त्यामुळे दाणा थोडा शिजलेला असतो आणि गार पाण्यात टिकतो. थाई किंवा व्हिएतनामी ‘टॅपिओका पर्ल्स’ बहुतेक वेळा थेट उकळत्या पाण्यात टाकायचे असतात, गार पाण्यात ते विरतात. म्हणून नवा पुडा फोडला की आधी चमचाभर दाणे वाटीत अर्धा तास भिजवा. दाणा बोटाखाली अख्खा चपटा झाला तर खिचडी करा. पाणी दुधाळ होऊन तळाशी पीठ बसलं तर तो पुडा खिरीला ठेवा.

तांदळाच्या पिठातही अशीच गफलत होते. एरावन या थाई ब्रँडच्या लाल अक्षरांच्या पुड्यात साधं पीठ असतं, हिरव्या अक्षरांच्या पुड्यात ‘ग्लुटिनस’ म्हणजे चिकट तांदळाचं. नुसत्या हिरव्या पिठाचे मोदक वाफेवर बसतात. लाल पीठ मात्र उकडीला फार छान, कारण ते अगदी बारीक असतं. 1 कप लाल पिठाला 1 टेबलस्पून हिरवं घाला, म्हणजे पाकळ्या करताना पारी फाटत नाही. पाणी 1 कप, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. उकळी आली की पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून 10 मिनिटं झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा. कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हात लावा.

भाजीच्या पाट्यांवरची नावं ओळखून घ्या. ‘ओपो’ म्हणजे दुधी, ‘सिंगक्वा’ म्हणजे शिरांचा दोडका, ‘यिन चॉय’ म्हणजे माठ. फ्रीजरमध्ये ‘मालुंगाय’ दिसला तर तो शेवग्याचा पाला, जरूर घ्या. चिनी कारलं फिकट आणि गुळगुळीत असतं, कडूही कमी, त्यामुळे मीठ लावून पिळायची गरज नाही. मेक्सिकन दुकानात कोथिंबीर आणि सेरानो मिरची घ्या. शंकूच्या आकाराचं ‘पिलोन्सियो’ हा उसाचाच गूळ. तो दगडासारखा कडक असतो, किसून वापरा.

प्रश्न : पाकिटावरची तारीख उलटून गेलेली दिसते, तरी माल विकतात कसा? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अनेक चिनी पाकिटांवर उत्पादनाची तारीख छापतात आणि माल किती महिने टिकतो ते वेगळं लिहितात. बेरीज आपण करायची. शिवाय चिनी-कोरियन मालावर वर्ष-महिना-दिवस असा क्रम असतो, अमेरिकन मालावर महिना आधी, भारतीय मालावर दिवस आधी. 05/08 पाहून घाई करू नका, कोणत्या देशाचा माल आहे ते आधी बघा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. काय तपासावं? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : घटकांची इंग्रजी यादी, दर वेळी. किमचीत बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मेक्सिकन दुकानातल्या तयार शिजवलेल्या बीन्समध्ये आणि काही तोर्तियांत ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी असू शकते. ‘मांतेका वेखेताल’ लिहिलं असेल तर ते वनस्पती तूप. पनीरऐवजी ‘केसो पानेला’ घेणार असाल, तर त्यातलं रेनेट (चीज करताना दूध फाडायला वापरतात ते एन्झाइम) प्राण्याचं आहे की नाही तेही वाचा. यादीत नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं असेल, तर त्यावरून काही कळत नाही. अशा वेळी लिंबू पिळून दूध फाडा आणि पनीर घरीच करा.