अंदमानला जा, पण १ मेला नको

सांगलीहून एका ताईंनी विचारलं आहे: "यंदा १ मे शुक्रवारी आलाय. सुट्टी जोडून मिळते म्हणून अंदमानची तीन रात्री, चार दिवसांची सहल ठरवतोय. आम्ही दोघं, १२ आणि ८ वर्षांची मुलं, आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. एजंटने १,८५,००० सांगितलेत, त्यात विमानाचेच १,०५,०००. जवळ ४०,००० आहेत. बाकीच्या १,४५,००० साठी वर्षभराचं पर्सनल लोन घ्यावं (१४ टक्के) की दीड लाखाची एफडी मोडावी? यांचा वर्षाचा पगार ११ लाख, हातात महिना ७८,००० येतात. घरखर्च ५५,०००, एसआयपी ८,०००. जूनमध्ये मुलांची फी ४६,०००. दिवाळीला बोनस २५,००० मिळतो. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंय, मुलांना समुद्र. ऑफिसातले म्हणतात, एलटीएमुळे (पगारातल्या प्रवासभत्त्यावरच्या करसवलतीमुळे) टॅक्सही वाचेल."

ताई, कर्जही नको आणि एफडीही मोडू नका. सासूबाईंना अंदमान मात्र नक्की दाखवा.

आधी त्या ४०,००० बद्दल बोलतो, कारण सगळी गडबड तिथे आहे. ते पैसे तुम्ही सहलीचे म्हणून धरलेत, पण महिन्याभराने ४६,००० फी भरायची आहे आणि त्यासाठी दुसरी कुठलीही रक्कम तुम्ही लिहिलेली नाही. म्हणजे ते फीचेच पैसे आहेत. सहलीसाठी आज तुमच्याकडे शून्य रुपये आहेत. हे वाचून वाईट वाटेल, पण जूनमध्ये शाळेच्या काउंटरवर उभं राहून कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता कर्जाचं बघू. १,४५,००० वर १४ टक्क्यांनी बारा महिन्यांचा हप्ता साधारण १३,०२० येतो. व्याज ११,२०० च्या वर जातं. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी धरला तर आणखी ३,४००. चार दिवसांच्या सहलीवर जवळजवळ १४,६०० रुपये जास्तीचे. तेही एकवेळ परवडले असते. पण घरखर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिना १५,००० उरतात. हप्ता गेला की दोन हजार. त्यात जूनची फी आली, तर ती क्रेडिट कार्डावर जाणार, आणि कार्डाचं व्याज अनेकदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. सहल संपून गेल्यावरही घर पुढचं वर्षभर तिचंच देणं फेडत राहील.

नुसत्या व्याजाकडे पाहिलं तर कर्जापेक्षा एफडी मोडणं स्वस्त पडतं, हे मी लपवणार नाही. तरी नको म्हणतो. ५५,००० खर्चाच्या घराला दीड लाख म्हणजे तीन महिन्यांचीही शिदोरी नाही, आणि घरात एकच पगार आहे, ७१ वर्षांचं माणूस आहे. ती रक्कम वाढवायला हवी. तिला हात लावू नका.

एलटीएचं ऑफिसातल्यांनी अर्धंच सांगितलंय. ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, भारतातल्या प्रवासाला मिळते, आणि तीही फक्त प्रवासभाड्यावर, हॉटेल-जेवणावर नाही. तुमच्या यजमानांना ११ लाख पगारावर नव्या पद्धतीत मुळात करच लागत नाही. १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी, आहे आणि पगारदारांना वर ७५,००० ची वजावट. वाचवायला करच नसेल तर एलटीए वाचवणार काय? त्यासाठी जुनी पद्धत मुळीच निवडू नका.

आता सहलीकडे येतो. पैसे तयार असते तरी या चार दिवसांना मी नाहीच म्हटलं असतं. पत्राबरोबर पाठवलेला कार्यक्रम दोनदा वाचला. गुरुवारी रात्री सांगलीहून निघायचं, पहाटेचं विमान, मध्ये एकदा बदल, शुक्रवारी दुपारी श्रीविजयपुरम (आपलं पोर्ट ब्लेअर), आणि सामान टाकून लगेच सेल्युलर जेल. रात्रभर प्रवास केलेल्या सासूबाईंनी त्याच दिवशी जिने चढायचे! ज्या कोठडीसमोर त्यांना उभं राहायचंय, ती तात्याराव सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, इमारतीच्या टोकाला आहे. १९११ साली त्यांना तिथे आणलं, थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. मूळच्या सात इमारतींपैकी तीन आज उभ्या आहेत. ज्या जागेसाठी सासूबाईंनी आयुष्यभर वाट पाहिली, तिथे त्या दमलेल्या अंगाने, घड्याळ बघत पोहोचणार. सहलीतला सगळ्यात मोलाचा तास तुम्ही सगळ्यात वाईट वेळेला ठेवलाय.

दुसरी अडचण बोटीची. शनिवारी हॅवलॉक (आता स्वराज द्वीप), रविवारी दुपारी बोटीने परत, सोमवारी सकाळी विमान. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि या कार्यक्रमात एकही मोकळा दिवस नाही. रविवारची बोट गेली तर सोमवारचं विमान गेलं. त्या दिवशी पाच नवी तिकिटं काढायची वेळ आली तर कुठून काढणार? महिनाअखेरीला ढकलू असंही मनात आणू नका. नैऋत्य मोसमी पाऊस सगळ्यात आधी अंदमानातच पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण पैशांची आहे. पॅकेजमध्ये चौघांचं स्कूबा धरलंय. स्कूबाला साधारणपणे किमान वय १० लागतं. धाकट्याला पाण्याखाली नेणार नाहीत, पैसे मात्र घेतले जातील.

म्हणून माझं सांगणं, जानेवारीत जा. २०२७ मध्ये २६ जानेवारी मंगळवारी येते. शुक्रवार २२ ते बुधवार २७, पाच रात्री. यजमानांच्या तीन रजा लागतील. समुद्र शांत असतो, उकाडा कमी. जो हप्ता बँकेला देणार होतात तोच स्वतःच्या रिकरिंग डिपॉझिटला द्या, महिना १३,०००. एप्रिल आणि मे मिळून २६,०००. जूनमध्ये फीला कमी पडणारे ६,००० त्यातून वळवा, ७,००० बाजूला टाका. जुलै ते ऑक्टोबर ५२,०००. झाले ८५,०००, बोनस धरून १,१०,०००. नोव्हेंबर-डिसेंबर धरले की १,३६,०००. जूनमध्ये हप्त्यातून हे सहा हजार वळवता येतात ते पैसे तुमचे असतात म्हणून. बँक तसं करू देणार नाही. आणि पहिल्या चार महिन्यांत महिना १३,००० जमत नाहीत असं दिसलं, तर निदान कर्ज डोक्यावर नसेल. तेव्हा तारीख पुढे न्या. एसआयपी थांबवू नका.

१,३६,००० ही हद्द. एजंटला पाच रात्रींचं पॅकेज या रकमेत बसवायला सांगा, त्याने वाढवलं तर तुम्ही कापा. नील बेट सोडून द्या. दोन बेटं धावत बघण्यापेक्षा एकच नीट बघावं. समुद्राला लागून हॉटेल नको, कारण हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा सगळ्यांसाठी खुला आहे आणि तिथला सूर्यास्त फुकट आहे. फक्त वेळ लक्षात ठेवा: अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. चहा पिऊन सहाला निघालात तर अंधार बघाल. सकाळ मात्र लवकर उजाडते, तेव्हा काळापत्थरच्या किनाऱ्यावर चालायला जा, त्याचेही पैसे नाहीत. पैसे घालायचेच तर एलिफंट बीचच्या स्नॉर्केलिंगवर घाला, तिथे दोन्ही मुलांना मासे आणि प्रवाळ दिसतील. स्कूबा फक्त थोरल्याला आणि तुमच्यापैकी एकाला. सासूबाईंना काचेच्या तळाची बोट. शिंपले-प्रवाळ पिशवीत भरून आणू नका, ते बेकायदा आहे आणि विमानतळावर तपासतात.

जेल शनिवारी सकाळी ठेवा, आदल्या रात्री पूर्ण झोप झाल्यावर. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही त्याच दिवशी. मंगळवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉकहून परत या. बोट रद्द झालीच तर अख्खा दिवस हाताशी राहील.

मुलांना हे सांगणं तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. या सुट्टीत दोघांना पोहायला घाला. महिन्याभराची फी घरखर्चातून निघेल, आणि पाण्याची भीती गेलेली मुलं जानेवारीत त्याच समुद्रात दुप्पट वेळ रमतील. सासूबाईंचे गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांना आत्ताच दाखवून घ्या. काही निघालं तर नऊ महिने हाताशी आहेत. आणि ऑक्टोबरच्या शेवटी बोनस आला की पहिलं काम तिकिटांचं. नावं आधार कार्डावर आहेत तशीच घाला. सासूबाईंचं माहेरचं-सासरचं नाव, स्पेलिंग, सगळं ताडून बघा. नाव नंतर दुरुस्त करायला विमान कंपन्या वेगळे पैसे लावू शकतात.