विसर्जनाची रात्र आणि खोपोलीचा पाळणा

ताई,
माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत. सातव्या वर्षापासून तिला फिट्स येतात. रोज दोन वेळा गोळी चालू आहे. गेल्या वर्षभरात दोनदाच फिट आली. पहिली अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री आम्ही लक्ष्मी रोडला मिरवणूक बघत उभे होतो. ढोल आणि लायटिंगमुळे झालं असणार. दुसरी जानेवारीत, तापात. तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवला, त्यानंतर आलेली नाही.
आता परीक्षा संपली की चिंचवडचे दीर-जाऊबाई मुलांना घेऊन खोपोलीला, इमॅजिकाला चाललेत. पहाटे पाचला निघायचं ठरतंय. लेक हट्ट धरून बसली आहे. जाऊबाईंना तिच्या आजाराचं माहीत नाही. मुलीची जात आहे, कुणाला सांगायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. मिस्टर म्हणतात, तिथे गेल्यावरही बोलू नकोस, नाहीतर एकाही राइडवर बसू देणार नाहीत. मला वाटतं, पाळण्यांपेक्षा तिथल्या वॉटर पार्कमध्येच नेऊ. पाण्यात काय होणार? की घरीच ठेवू? काल तिने विचारलं, 'आई, मी काय केलंय?' मला उत्तर देता आलं नाही.
– कोथरूडची एक आई

न्या तिला. वॉटर पार्कला मात्र नको, निदान या खेपेला तरी नको.

अख्ख्या पत्रात मी दचकले ते तुमच्या त्या एका वाक्याला, 'पाण्यात काय होणार?' पाळण्यावरच्या पोराला निदान पट्टा असतो. पाण्यात फिट आली तर आरडाओरडा होत नाही, हातपाय मारले जातीलच असंही नाही. मूल गुपचूप खाली जातं, आणि आजूबाजूच्या पन्नास ओल्या डोक्यांतलं एक कमी झालंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. कमरेएवढं पाणी त्याला पुरतं. अपस्मार असलेल्यांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. हे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर विहीर येते, नदी येते. गाणी लावलेला वेव्ह पूल येत नाही. पुढे कधी पाण्यात न्यायचं झालंच, तर डॉक्टरांना विचारून न्या. एक मोठं माणूस फक्त तिच्यासाठी, हात लांब केला की पोचेल इतकं जवळ, आणि त्या माणसाचा मोबाइल लॉकरमध्ये. जीवरक्षक आहे ना, म्हणून काठावर भजी खात बसायचं नाही. (विषय निघालाच आहे तर, घरी आंघोळीला जाताना तिला बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका.)

आता ती विसर्जनाची रात्र. ढोल आणि लायटिंग, असं तुम्ही लिहिलंय. असेलही, पण मला तुमच्याच पत्रात दुसरं काहीतरी दिसतं. पुण्यातली मिरवणूक म्हणजे पोर रात्री दोन-तीनला आडवं झालं असणार. आणि फिट आली ती लक्ष्मी रोडवर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात. अपुरी झोप हे फिट यायला फार नेहमीचं निमित्त असतं. ताप हे दुसरं, चुकलेली गोळी हे तिसरं. तुमच्या लेकीच्या वर्षभरातल्या दोन्ही फिट्सचा हिशेब यात लागतो. आणि तुम्ही निघणार पहाटे पाचला! म्हणजे चारला तिला उठवणार, तेही आदल्या रात्री उत्साहाच्या भरात अकरापर्यंत जागलेलं पोर. या सगळ्या बेतात मला सर्वांत धोक्याचं काही वाटत असेल तर ते हे. तिथला तो उलटासुलटा फिरवणारा नायट्रो नंतर. कोथरूडहून खोपोली द्रुतगती मार्गाने दीड-दोन तासांवर आहे. दिरांना जाऊ दे पाचला. तुम्ही तिची झोप पुरी होऊ द्या, नाश्ता आणि सकाळची गोळी पोटात जाऊ द्या, आणि आठला निघा. दोन राइड कमी होतील, झालं. एप्रिलचं ऊन आहे, तेव्हा दुपारी तासभर सावलीत बसणं आणि पाणी पीत राहणं हेही बेतातच धरा.

दिव्यांचं म्हणाल, तर त्याचा बोलबाला खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त झालाय. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि ती गोष्ट जगभर गेली. प्रत्यक्षात अपस्मार असलेल्या शंभरांतल्या साधारण तिघांनाच लपलपत्या दिव्यांचा त्रास होतो. मुलांमध्ये हे प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून तुमची शंका वेडी नाही. पण तिचं उत्तर बहुधा तुमच्या कपाटातच पडलेलं आहे. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढताना मुलांच्या डोळ्यांसमोर मुद्दाम दिवा लपलपवतात, तो नेमका हेच पाहण्यासाठी. फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, 'दिव्याच्या वेळी हिच्या पट्टीत काही आलं होतं का?' नसेल, तर एक ओझं उतरलं. असेल, तर अंधाऱ्या, झगमगाटी राइड्स यादीतून काढा, आणि अवचित समोर काही लखलखलंच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला तिला शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातो.

त्याच भेटीत राइड्सचंही विचारून घ्या. मी डॉक्टर नाही, आणि जानेवारीला तीनच महिने झालेत. वेगवान पाळण्यात बसलं की फिट येतेच असं नाही. प्रश्न हा की ती वर असताना आली तर काय. राइड मध्येच थांबवून कुणी तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. म्हणूनच अशा राइडच्या तोंडाशी पाटी असते, कुणी बसू नये त्याची. ती पाटी वाचा, तिथल्या माणसाला सरळ सांगा, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नका. मिस्टरांचं गणित मला कळतं, तिकिटाचे पैसे भरलेत, पोरगी हिरमुसेल. पण पट्टे आवळणाऱ्या माणसापासूनच हे लपवायचं, हे धाडस आपलं आणि जीव तिचा असं होतं. काही राइड्स मिळणार नाहीत. जमिनीलगतच्या, सावकाश फिरणाऱ्या, शेजारी बसून तिला धरता येईल अशा पुष्कळ उरतील.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अगदी १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं; त्या वर्षी दुरुस्ती करून तो शब्द काढला. कायद्यातून निघालेला शब्द माणसांच्या मनातून निघायला वेळ लागतो. पण तिच्या लग्नाला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि सहल या महिन्यात आहे. जाऊबाईंना सांगा. सगळ्या गावाला नाही, जाऊबाईंना. तुम्ही तिकिटाच्या किंवा पाण्याच्या रांगेत असाल तेव्हा ती त्यांच्याजवळ असणार, आणि ज्याला माहीत नाही तो माणूस अशा वेळी काय करतो ते मी पाहिलंय.

माझ्या धाकट्या भावाला फिट्स यायच्या. वाड्यात कुणी कांदा फोडायचं, कुणी चप्पल हुंगवायचं, चारजण हातपाय दाबून धरायचे. एकदा एका शेजाऱ्याने दातखीळ सोडवायला चमचा घातला. फिट दोन मिनिटांत थांबली, पुढचा दात कायमचा गेला. शेजारी भला माणूस होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जाऊबाईंना सांगायचं ते इतकंच: घड्याळ बघा. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, चष्मा काढा, गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल करा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. धरून ठेवू नका. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे तुमच्याकडे आहे की नाही ते पत्रात नाही. नसेल तर डॉक्टरांना विचारा, तो द्यायचा का, किती आणि कधी. असेल तर तो तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत हवा. आत गेल्या गेल्या प्रथमोपचाराची खोली कुठे आहे ते बघून ठेवा. आणि फिट आलीच तर तिच्याजवळ कोण थांबणार हे घरून निघतानाच ठरवा, कारण नंतर ती तास-दोन तास गाढ झोपेल आणि बाकीच्या मुलांचा दिवस चालूच असेल. मिस्टरांनी थांबावं असं माझं मत, पण ते तुमचं तुम्ही बघा.

सासूबाई अगदीच ऐकेनात, तर पुण्यात संवेदना फाउंडेशन हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. तिथे एकदा त्यांना घेऊन जा. सुनेचं न ऐकणारी बाई आपल्या वयाच्या दुसऱ्या आजीचं ऐकते.

आता लेकीचा प्रश्न. 'मी काय केलंय?' काही नाही, बाळा, तू काहीच केलेलं नाहीस. हे तिला मोठ्याने, तिच्या बाबांसमोर सांगा. मग डॉक्टरांनी हो म्हटलेल्या राइड्सची यादी तिच्या हातात द्या आणि पहिली कोणती, शेवटची कोणती ते तिला ठरवू द्या. माझ्या भावाला पेशवे पार्कातल्या फुलराणीतही, मुलांच्या त्या छोट्या आगगाडीतही, बसवायचे नाहीत. फुलराणी! चालणारा माणूस जिला मागे टाकेल, ती. मी एकटी चक्कर मारून यायचे आणि तो आईचा हात धरून कठड्याशी उभा असायचा. त्याच्या फिट्स थांबून जमाना झाला, माणूस साठीला आलाय, आणि फुलराणीचं अजून काढतो.

परतीचं एक राहिलं. घाटात मुलांना गाडी लागते म्हणून आपण सर्रास अ‍ॅव्होमिन देतो. तिला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, अशा काही औषधांनी फिट यायला वाट मिळते. आणि सुट्टीच्या संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, आठच्या गोळीची वेळ तिथेच होईल. गोळी आणि पाण्याची बाटली तुमच्या पर्समध्ये असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको.