वाचकांचे प्रश्न : अमेरिका आणि जपानमधील भगिनी शहरे

अमेरिकेत मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे राहून आलेल्या काही वाचकांनी तिथल्या गावाच्या वेशीवर अथवा नगरपालिकेच्या आवारात जपानी शहराचे नाव असलेली पाटी पाहिली आणि तिच्याविषयी आम्हाला लिहिले. विषय एकच असल्यामुळे ही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : भगिनी शहर म्हणजे नेमके काय? हा दोन सरकारांमधला करार असतो का? आणि ज्यांच्यात एवढे भीषण युद्ध झाले, त्या अमेरिका व जपान यांच्यात ही प्रथा कशी रुजली?

उत्तर : सरकारांचा याच्याशी थेट संबंध नसतो. दोन शहरांचे महापौर मैत्रीपत्रावर सह्या करतात, दोन्हीकडच्या नगरपरिषदा त्याला संमती देतात आणि शिक्षण, कला, क्रीडा, व्यापार अशा कोणत्याही निमित्ताने एकमेकांकडे जाणेयेणे ठेवायचे असे ठरते. ते मोडले म्हणून दंड होत नाही किंवा कोणी न्यायालयात जात नाही. जपानमधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परदेशी संबंधांना साहाय्य करण्यासाठी १९८८ मध्ये ‘क्लेअर’ ही संस्था स्थापन झाली. प्रमुखांच्या सह्या, सभागृहाची मान्यता आणि एकाच क्षेत्रापुरती मर्यादा नसणे, या गोष्टी पाहूनच ती एखाद्या संबंधाची नोंद करते. अमेरिका आणि जपान यांच्यातील अशा जोड्या आज साडेचारशेहून अधिक आहेत, आणि जपानी शहरांनी इतकी नाती दुसऱ्या कोणत्याही देशाशी जोडलेली नाहीत.

या चळवळीचे श्रेय बहुधा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिले जाते. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावून सामान्य नागरिकांनीच परदेशांशी मैत्री वाढवावी असे आवाहन केले, आणि त्यानंतर चळवळीला वेग आला हे खरे आहे. मात्र मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल आणि नागासाकी यांनी त्याआधीच, ७ डिसेंबर १९५५ रोजी, आपले नाते जाहीर केले होते. पर्ल हार्बरवरील हल्ला ७ डिसेंबरचाच होता आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन शहरांनी काय धाडस केले ते कळते. १९५७ या एका वर्षात सिअ‍ॅटल व कोबे, सॅन फ्रान्सिस्को व ओसाका, सॅन दिएगो व योकोहामा आणि सॅन होजे व ओकायामा या जोड्या जमल्या. पहिल्या लाटेत पॅसिफिक किनाऱ्यावरील शहरे पुढे होती, कारण बंदरांचा व्यापार आणि जपानी वंशाच्या लोकांची वस्ती या दोन्ही गोष्टी तिथे आधीपासून होत्या.

प्रश्न : कोणत्या शहराने कोणाशी नाते जोडायचे हे कसे ठरते? कोणी स्थळे सुचवणारा मध्यस्थ असतो का?

उत्तर : असतो, असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत ‘सिस्टर सिटीज इंटरनॅशनल’ ही संस्था इच्छुक शहरांना जोडीदार शोधून द्यायला मदत करते. परंतु टिकलेल्या अनेक नात्यांच्या मुळाशी संस्थेपेक्षा एखादी जुनी ओळख सापडते.

सर्वांत जुनी अशी ओळख मांजिरोची म्हणावी लागेल. तोसा प्रांतातला हा चौदा वर्षांचा कोळ्याचा पोर १८४१ मध्ये वादळात सापडून आपल्या सोबत्यांसह एका निर्जन बेटावर अडकला. विल्यम व्हिटफील्ड या कप्तानाच्या व्हेलशिकारी जहाजाने त्यांना वाचवले, आणि कप्तानाने मांजिरोला मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन या आपल्या गावी नेऊन शाळेत घातले. त्या काळी देश सोडून गेलेल्या जपानी माणसाला परत येणे जिवावर बेतू शकत होते. तरीही दहा वर्षांनी तो परतला, प्रदीर्घ चौकशांना सामोरा गेला आणि पुढे अमेरिकेची माहिती असलेला माणूस म्हणून खुद्द शोगुनच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारलाच त्याची गरज भासली. त्याचे मूळ गाव आज तोसाशिमिझू या शहरात येते, आणि ते शहर १९८७ पासून फेअरहेवन व शेजारचे न्यू बेडफर्ड यांचे भगिनी शहर आहे.

ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट हे युद्धनौका घेऊन जपानला गेलेल्या अमेरिकी आरमारी अधिकाऱ्याचे, कमोडोर पेरीचे, गाव, आणि त्याने केलेल्या तहामुळे १८५४ मध्ये उघडलेले बंदर शिमोदा. पेरीच्या काळ्या जहाजांच्या नावाने ही दोन्ही शहरे उत्सव भरवतात. तोफा रोखून झालेल्या ओळखीचा उत्सव ती ओळख लादली गेलेल्या शिमोदानेही करावा, याचे आम्हाला नवल वाटते. न्यू ऑर्लिन्स आणि मात्सुए यांना लॅफकॅडिओ हर्न या लेखकाने जोडले, कारण तो दोन्हीकडे राहिला होता.

राज्यांच्या पातळीवर आयोवा आणि यामानाशी यांची जोडी प्रसिद्ध आहे. १९५९ च्या चक्रीवादळांत यामानाशी प्रांताची शेती आणि पशुधन उद्ध्वस्त झाले. तेव्हा जपानमध्ये राहून आलेल्या आयोवाच्या एका सैनिकाच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी पैदाशीची डुकरे विमानात भरून पाठवली आणि त्यांच्या खाद्यासाठी मकाही रवाना केला. १९६० मध्ये दोन्ही राज्यांनी रीतसर नाते जाहीर केले.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका लहान शहरात राहते. जपानमधील भगिनी शहरातून मार्चअखेर येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी चौदा वर्षांची एक मुलगी आठवडाभर त्यांच्या घरी राहणार आहे आणि उन्हाळ्यात माझी नात तिकडे जाणार आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : हे महिने विचारपूर्वक निवडलेले असतात. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने मार्चअखेर तिथल्या मुलांना सुटी असते, तर अमेरिकेतील शाळा चालू असतात आणि पाहुण्यांना वर्गात बसता येते. उलट जूनमध्ये अमेरिकी मुले मोकळी असतात आणि जपानी शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरतात, त्यामुळे आपल्या नातीलाही तिकडचा वर्ग पाहायला मिळेल. नव्वद दिवसांच्या आतील अशा भेटीसाठी अमेरिकी नागरिकाला जपानचा व्हिसा लागत नाही. जपानी नागरिकाला अमेरिकेत येण्यापूर्वी ‘एस्टा’ ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. नातीकडे अमेरिकी पारपत्र नसेल, तर मात्र व्हिसाची चौकशी आताच करावी.

यजमान कुटुंबाला सहसा मोबदला मिळत नाही. मूल घरात ठेवायचे असल्यामुळे स्थानिक समिती घरातील प्रौढांची पार्श्वभूमी तपासते आणि पाहुण्याच्या ॲलर्जी, औषधे व पाळीव प्राण्यांची भीती यांचा तपशील असलेला अर्ज हाती देते. तो अर्ज लक्षपूर्वक वाचावा, हे आमचे पहिले सांगणे आहे. मुलांसोबत शिक्षक किंवा नगरपालिकेचे कर्मचारी असतात आणि तेही गावातच उतरतात. त्यांचा फोन क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा.

आपल्या मुलीला खरी अडचण वेगळीच येण्याची शक्यता आहे. अमेरिकी घरात पाहुण्याला ‘काय खाशील, कुठे जाऊ या’ असे विचारणे हा आदर समजला जातो. जपानी मुलीला मात्र यजमानाला त्रास होईल असे काही मागणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून ती प्रत्येक वेळी ‘काहीही चालेल’ असे म्हणेल, आणि दोन दिवसांनी घरच्यांना वाटू लागेल की ही पोरगी खूश नाही. मोकळा प्रश्न विचारण्याऐवजी दोन पदार्थ समोर ठेवून एक निवडायला सांगावे. रात्री साडेआठला ती पेंगू लागली, तर तो कंटाळा नसून तेरा ते सोळा तासांच्या वेळफरकाचा आणि दिवसभर परकी भाषा ऐकण्याचा शीण असतो. पहिल्या संध्याकाळी ती घरातील प्रत्येकासाठी नीट गुंडाळलेली छोटी भेट काढेल. परतभेटीची घाई करू नये. निघताना गावची एखादी वस्तू दिली तरी पुरे.

नातीला न्हाणीघराचा पाठ आधी द्यावा. जपानी घरात टबाबाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच गरम पाण्याच्या टबात शिरायचे असते, कारण तेच पाणी सगळे कुटुंब पाळीपाळीने वापरते. पाहुण्याला बहुधा पहिला मान मिळतो. सवयीने पाणी सोडून देणारी अमेरिकी मुले पुष्कळ असतात, आणि मग यजमान काही न बोलता टब पुन्हा भरायला लागतात. चपला-बुटांचे आपल्या घरच्या संस्कारांमुळे तिला सांगावे लागणार नाही, पण शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडायच्या असतात.

प्रश्न : अशी मैत्री म्हणजे महापौरांच्या फुकट सहली, असे अनेकदा वाटते. राजकीय वाद उद्भवला की हे सगळे कोलमडत नाही का?

उत्तर : सहलींची शंका रास्त आहे. ज्या जोड्यांमध्ये दर पाच-दहा वर्षांनी वर्धापनदिनाचे शिष्टमंडळ जाते आणि मधल्या काळात काहीच घडत नाही, त्यांच्यावर करदात्याचा पैसा खर्च होऊ नये असे आमचेही मत आहे. प्रत्यक्षात पुष्कळ अमेरिकी शहरांत ही समिती स्वयंसेवकांची असते, नगरपालिका तिला थोडे अनुदान देते आणि विमानभाडे पाहुण्या मुलांचे पालकच भरतात. त्यामुळे चलनाचा फटका थेट घरांना बसतो. २०१२ च्या सुमारास एका डॉलरला जेमतेम ऐंशी येन पडत. २०२४ मध्ये तो भाव १६० च्या पलीकडे गेला. जपानी कुटुंबासाठी तीच सहल येनच्या हिशोबात केवळ विनिमयदरामुळे जवळजवळ दुप्पट महाग झाली.

वादाचे ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका यांचे आहे. युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामगिरीत ढकलल्या गेलेल्या स्त्रियांचे स्मारक २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभे राहिले आणि शहराने ते आपली मालमत्ता म्हणून स्वीकारले. शिलालेखाच्या मजकुरावर ओसाकाच्या महापौरांनी आक्षेप घेतला, आणि २०१८ मध्ये एका पत्राने साठ वर्षांहून जुने नाते संपवले. त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर लंडन ब्रीड यांची भूमिका अशी होती की दोन शहरांच्या लोकांमधील संबंध एकट्या महापौराला तोडता येत नाहीत. आम्हाला त्यांचे म्हणणे पटते, पण ते अर्धेच खरे आहे. महापौराला सही मागे घेता येते, अनुदान थांबवता येते, शाळांचे कार्यक्रम अडवता येतात. त्याच्या हातात नसते ते एवढेच, की एकमेकांच्या घरी राहिलेली माणसे पत्रव्यवहार बंद करतील.

याची दुसरी बाजू ओरेगॉनमधील ब्रुकिंग्ज या गावात दिसते. तिथे भगिनी शहराचा करार नव्हता, तरी हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये नोबुओ फुजिता या जपानी वैमानिकाने पाणबुडीवरून उडालेल्या लहान विमानातून या गावाजवळच्या जंगलावर आग लावणारे बॉम्ब टाकले. वीस वर्षांनी गावातील तरुणांच्या एका मंडळाने त्यालाच पाहुणा म्हणून बोलावले. गावात काहींनी कडाडून विरोध केला, फुजिताही धास्तावलेला होता, पण तो आला आणि घराण्यात शतकानुशतके चालत आलेली तलवार त्याने गावाला दिली. १९८५ मध्ये त्याने ब्रुकिंग्जच्या काही विद्यार्थ्यांना जपानला नेले. ती तलवार आजही गावच्या ग्रंथालयात आहे.

प्रश्न : लहान गावाला हे झेपते का? आणि आमच्या मुलांच्या गावी असे काही असल्यास त्यात भाग कसा घ्यावा?

उत्तर : झेपते. कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटी हे सहा-सात हजार वस्तीचे गाव आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने जपानमधील रिकुझेनताकाता शहर जवळजवळ पुसून टाकले. तिथे सतराशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्याच लाटांनी महासागर ओलांडून क्रेसेंट सिटीच्या बंदराचीही नासधूस केली होती, आणि १९६४ च्या त्सुनामीतील जीवितहानी गावाच्या स्मरणात होतीच. एप्रिल २०१३ मध्ये शंख-शिंपल्यांनी भरलेली एक छोटी नौका किनाऱ्याला लागली. तिच्यावरील जपानी अक्षरांवरून ती रिकुझेनताकातामधील ताकाता हायस्कूलची ‘कामोमे’ असल्याचे कळले. क्रेसेंट सिटीच्या हायस्कूलमधील मुलांनी ती खरवडून स्वच्छ केली आणि त्याच वर्षी परत पाठवण्याची खटपट पूर्ण केली. पुढे दोन्ही शाळांची मुले एकमेकांकडे जाऊन राहिली. महापौरांच्या सह्या झाल्या त्या २०१८ मध्ये, म्हणजे मुलांची ओळख झाल्यानंतर पाच वर्षांनी. क्रम असा असावा, असे आम्हाला वाटते.

भाग घेण्यासाठी नगरपालिकेच्या कार्यालयात भगिनी शहर समितीची चौकशी करावी. तिच्या सभा बहुतेक ठिकाणी नागरिकांना खुल्या असतात. घरात जादा खोली नसेल, तर पाहुण्यांना एका दिवसासाठी गाव दाखवणे, विमानतळावरून आणणे किंवा निरोपाच्या जेवणाला एक पदार्थ करून नेणे, या कामांना समित्यांकडे नेहमीच माणसे कमी पडतात.