आधी मोजलं काय ते सांग

प्रबंधाचा विषय राष्ट्राध्यक्षपद की पक्षीय ध्रुवीकरण, काय ते एक ठरव असं पीएचडीच्या कमिटीनं सांगितलं आणि तू पार गोंधळलीस. ठरवू नकोस. अमेरिकेत हे दोन विषय आता वेगळे काढताच येत नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या प्रश्नाला हात घातला की त्यावरचं मतदान पक्षनिहाय फाटतं, मग त्या प्रश्नाचा विचारसरणीशी संबंध असो वा नसो. सिनेटच्या मतदानावरून राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस ली यांनी ते दाखवलंय. कमिटीला खटकलंय ते बहुधा दुसरंच. तुझ्या प्रपोजलमध्ये आलेख भरपूर आहेत, पण त्यांत मोजलं काय, हे कुठंच नाही.

डीडब्ल्यू-नॉमिनेट घे. पूल आणि रोझेन्थल यांची ही पद्धत काँग्रेसच्या सदस्याला त्याच्या मतदानावरून साधारण उणे एक (डावं टोक) ते अधिक एक (उजवं टोक) अशा पट्टीवर बसवते. विधेयकात काय लिहिलंय ते तिला ठाऊक नसतं. कोण कुणाबरोबर मत देतं एवढंच ती पाहते. 5 नोव्हेंबर 2021 ला प्रतिनिधीगृहात पायाभूत सुविधांचं विधेयक 228 विरुद्ध 206 मतांनी मंजूर झालं. विरोधात सहा डेमोक्रॅट होते, पक्षाच्या डाव्या गटातल्या ओकासिओ-कोर्टेझ त्यांतल्या एक. त्यांचा विरोध डावीकडून होता, पण पद्धतीला दिसलं इतकंच की या बाई रिपब्लिकनांच्या बाजूला उभ्या आहेत. अशी मतं साठली की डाव्या टोकाचा सदस्य मध्याकडे सरकलेला दिसतो. तू त्याला ‘मवाळ’ लिहून मोकळी होणार? शिवाय मतदानाला काय यायचं हेच मुळात बहुमतवाल्या पक्षाचे नेते ठरवतात. दोन्हीकडच्या बऱ्याच सदस्यांना पटलं असतं पण नेत्यांना नको होतं, असं विधेयक सभागृहात येतच नाही आणि तुझ्या आकड्यातही येत नाही. मोजलं ते मतदान, विचार नव्हे. हे वाक्य प्रकरणाच्या पहिल्या पानावर हवं, तळटीपेत नको.

राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराचं तर विचारूच नकोस. कार्यकारी आदेश, म्हणजे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या मतदानाशिवाय स्वतःच्या सहीनं काढतात ते, मोजायचे आणि त्याला ‘एकतर्फी सत्ता’ म्हणायचं, ही सगळ्यांची लाडकी चूक. फ्रँकलिन रूझवेल्टचे आदेश 3,700 च्या वर, ओबामांचे 300 च्या आत. म्हणजे ओबामा दुबळे? 15 जून 2012 चा डाका कार्यक्रम, ज्यानं लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या लाखो तरुणांची हद्दपारी लांबणीवर पडली, तो कार्यकारी आदेश नव्हताच. गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांचं ते ज्ञापन होतं. ट्रम्प यांची प्रवासबंदी जानेवारी 2017 मध्ये कार्यकारी आदेश म्हणून आली आणि सप्टेंबरात, तिसऱ्या खेपेला, उद्घोषणा म्हणून. धोरणाचा गाभा तोच, तुझ्या तक्त्यात मात्र रकाना बदलला. म्हणून सांता बार्बरा विद्यापीठाच्या अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट या संग्रहावरून नुसते आदेश उतरवून घेऊ नकोस. एक विषय धर, समजा स्थलांतर, आणि त्यावरचे आदेश, ज्ञापनं, उद्घोषणा, खात्यांची परिपत्रकं सगळं एका तक्त्यात आण. पन्नासेक नोंदी दोघांकडून स्वतंत्रपणे कोड करून घे, म्हणजे तुझ्या व्याख्येनुसार कोणती नोंद कशात मोडते ते ठरवून घे. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं तुझी व्याख्या ढिली आहे असं समज.

सर्व्हेचंही तेच. एएनईएस या अमेरिकन निवडणुकांच्या राष्ट्रीय सर्व्हेत विरोधी पक्षाबद्दलची भावना शून्य (थंड) ते शंभर (उबदार) अशा थर्मामीटरवर विचारतात. 2012 ला समोरासमोरच्या मुलाखतींच्या जोडीला इंटरनेटवरचा नमुना आला. 2020 ला कोविडमुळे समोरासमोर मुलाखती झाल्याच नाहीत. मुलाखत घेणारा समोर बसला की माणूस जरा सभ्य आकडा सांगतो, पडद्यासमोर हात सैल सुटतो. 2012 आणि 2016 चे दोन्ही नमुने वेगळे काढून रेषा आख, नाहीतर या आकड्याच्या घसरणीतला काही भाग पद्धतीचा असायचा आणि तू तो द्वेषाच्या खात्यात घालणार. पक्षनिष्ठेच्या सात पायऱ्यांच्या पट्टीवर 3 आणि 5 ला बसणारे, एका पक्षाकडे कललेले अपक्ष ठेवलेस की वगळलेस तेही लिही. वगळलेस तर दरी फुगते. कोडबुकात, म्हणजे सर्व्हेच्या माहितीपुस्तिकेत, सगळं आहे, अगं. ते वाचायचा कंटाळा केलास तर मी तरी काय करू?

मी हे फार ताणतो असं म्हणतात. म्हणोत. ट्रुमनपासून आजपर्यंत राष्ट्राध्यक्ष झालेली माणसं 14. लोकप्रियतेचे महिनावार आकडे घेतलेस तर ओळी शेकड्यांनी होतील, माणसं 14 च राहणार. एकेक राष्ट्राध्यक्ष हा एकेक गट. इतक्या कमी गटांवर नेहमीच्या क्लस्टर केलेल्या, म्हणजे गटवार काढलेल्या, प्रमाणत्रुटी खऱ्यापेक्षा लहान निघतात आणि नसलेला परिणाम दिसू लागतो. कमी गटांसाठीची वाइल्ड बूटस्ट्रॅप ही चाचणी लाव, आणि एकेक राष्ट्राध्यक्ष वगळून निकाल टिकतो का बघ. निक्सन काढल्यावर कोसळला तर तो निष्कर्ष निक्सनबद्दलचा आहे, पदाबद्दलचा नाही. मुळात सामग्री इतकी तुटपुंजी, त्यात मापही कच्चं असेल तर हातात राहिलं काय? ज्यांना हा छळवाद वाटतो त्यांनी खुशाल टीव्हीवर बसावं. तिथं कुणी कोडबुक मागत नाही.

अभिलेखागारात जाणार असशील तर रेगनपासूनचे कागद राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांच्या 1978 च्या कायद्याखाली येतात. पद सोडल्यावर पाच वर्षांनी माहितीची मागणी करता येते, काही प्रकारचे कागद 12 वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात. नवी मागणी वर्षानुवर्षं रांगेत पडून राहते, तोवर तुझी फेलोशिप संपलेली असेल. म्हणून अभिलेखपालांना आधीच मेल कर, खुल्या झालेल्या पेट्यांची यादी माग आणि प्रकरण त्यांवर बेत. नोकरीचं थोडक्यात सांगतो: ‘राष्ट्राध्यक्षपद’ अशा नावानं जागा फारशा निघत नाहीत, ‘अमेरिकन राजकीय संस्था’ म्हणून निघतात, आणि बऱ्याचशा ऑगस्ट ते ऑक्टोबरात. त्याआधी एक प्रकरण लेख म्हणून परीक्षणाला गेलेलं हवं.

आता नवे आलेख पाठवू नकोस. आहेत त्या प्रत्येकाखाली तीन ओळी लिही: नोंद कुणी केली, नोंदीतून काय सुटतं, पद्धत कोणत्या वर्षी बदलली. ज्याच्याखाली त्या लिहिता येणार नाहीत तो काढून टाक. उरतील तेवढे शुक्रवारपर्यंत पाठव.