पहिला संगणक जुळवताना: कंपनी नव्हे, काम पाहा

लातूरला शिकत असताना व्हिडिओ संपादनासाठी पहिला संगणक जुळवायचा असल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि प्रोसेसर इंटेलचा घ्यावा की एएमडीचा, असे विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की कोणत्याही एका कंपनीचा अभिमान बाळगू नये, कारण त्यांच्या चढाओढीचा लाभ आपल्यालाच होतो. इंटेलचे सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसर कित्येक वर्षे चार कोअरवरच (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) थांबले होते; २०१७ मध्ये एएमडीने रायझन प्रोसेसर आणल्यावर त्याच वर्षी इंटेलने त्या वर्गात सहा कोअर दिले.

तुमच्या कामासाठी मात्र इंटेलचा विचार आधी करावा, कारण त्याच्या अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक ही सोय व्हिडिओ उलगडण्याचे (डीकोड करण्याचे) काम वेगाने करते. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला प्रोसेसर घेऊ नका; त्यात ही सोय नसते.

ग्राफिक्स कार्डात एएमडी आहे, २०२२ पासून इंटेलचे आर्कही आहे, तरीही ब्लेंडरसारख्या त्रिमितीय (थ्रीडी) सॉफ्टवेअरवर पुढे काम करणार असाल, तर कूडा या एनव्हिडियाच्या कार्डांवर गणना करून घेणाऱ्या प्रणालीमुळे एनव्हिडियाच सोयीचे ठरते.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि विजेचा दाबही कमीजास्त होतो. स्वस्तातल्या पॉवर सप्लायमुळे माझा एक मदरबोर्ड जळाला, म्हणून कळकळीने सांगतो: प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, परंतु चांगला पॉवर सप्लाय, यूपीएस आणि हवा खेळती ठेवणारा कॅबिनेट यांत काटकसर करू नका.