तुरळच्या गरम पाण्यावर वीज का नाही?

प्रश्न : आमच्या संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. आइसलँडवाले म्हणे जमिनीतल्या उष्णतेवर वीज काढतात, घरंही गरम ठेवतात. मग आपल्याकडे का नाही जमत? ही उष्णता ठराविक देशांनाच कशी मिळाली?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : मिळालीय सगळ्यांनाच, तुमच्या घराखालीपण आहे. खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश तापमान वाढतं. पण वाफेवर टर्बाइन फिरवायचं तर पाणी दीडशे-दोनशे अंशांचं पाहिजे, म्हणजे साध्या जागी पाच-सहा किलोमीटर बोअर मारा, आणि एवढं करून खाली पाणी आणि भेगा सापडतीलच याची गॅरंटी नाही.

काही ठिकाणी मात्र तप्त खडक आयताच वर आलाय. पृथ्वीच्या प्लेट्स, म्हणजे कवचाचे मोठाले तुकडे, जिथे फाकतात किंवा एक दुसरीखाली घुसते तिथे. आइसलँड तर अटलांटिकच्या फाकणाऱ्या रेषेवरच बसलाय, तिथली दहातली नऊ घरं याच उष्णतेवर गरम होतात. इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यूझीलंड हे पॅसिफिकच्या ज्वालामुखीपट्ट्यातले. मला विचाराल तर खरं कौतुक केनियाचं, आफ्रिका खंड जिथे चिरत चाललाय त्या रिफ्टमध्ये ओल्कारियाला बोअर मारून त्यांनी देशाची निम्म्याच्या आसपास वीज तिथून काढलीय. उलट जपानकडे साठा प्रचंड, पण वापर किरकोळ, कारण बऱ्याच जागा नॅशनल पार्कात आणि गरम कुंडांवर धंदा करणारे हॉटेलवाले म्हणतात आमचं पाणी आटेल!

आता कोकण. आपल्या काळ्या कातळाचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि परत वर येतं, बस इतकंच. त्यामानाने लडाखचं पुगा भारी आहे, तिथे पाणी ८४ अंशांना वर येतं, आणि त्या उंचीवर तो उकळबिंदूच झाला.

कमी तापमानावर वीज अगदीच होत नाही असं नाही. अलास्कात चेना इथे २००६पासून ७४ अंशांच्या पाण्यावर काढतात, पण तिथे कूलिंगला बर्फासारखं पाणी फुकटात मिळतं, तुमच्याकडे ते कुठून आणणार? त्यापेक्षा आइसलँडवाले या उष्णतेवर मासे वाळवतात ते बघा. मे अखेरीस पाऊस आला की आमसुलं वाळायची राहतात, तिथे असा ड्रायर चालवून बघायला हरकत नाही.